कंसवाले सर

चामोर्शीच्या बाजाररस्त्यावर, खताच्या दुकानाच्या वरची खोली भाड्यानं घेऊन सरांनी क्लास काढला. पहिलं काम केलं ते पाटी रंगवण्याचं. स्वतःच ब्रश धरून, जिभेचं टोक बाहेर काढून, त्यांनी निळ्या रंगात लिहिलं : ‘येथे स्कीम शिकवण्यात येईल.’

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यापासून पार रस्त्यापर्यंत रांग लागली. बाया होत्या, म्हातारे होते, कडेवर लेकरं होती. प्रत्येकाच्या हातात रेशनकार्ड आणि दोन दोन फोटो. सर वरून पाहत होते. चामोर्शीला गणिताची एवढी भूक असेल असं त्यांना वाटलं नव्हतं. ते हरखून धावत खाली आले आणि रांगेतल्या पहिल्या आजीला म्हणाले, “आई, तुमाले कंसाची भीती तर नाही ना वाटत?”

“भीती कायची बापा?” आजी म्हणाली. “दोन्ही फोटो आनले मी. घरकुल कधी भेटते तेवढं सांग.”

स्कीम हे कॉम्प्युटरच्या एका भाषेचं नाव आहे, तिच्यात गणितं आणि कोडी सोडवतात, आणि तिचा सरकारशी काही संबंध नाही, हे समजावून सांगायला सरांना दुपार झाली. आजीनं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, “म्हंजे हे शिकलं का मंग घरकुल भेटते?”

त्या रांगेत मीही होते. आईनं बाबांचे फोटो देऊन मला गावाहून सायकलवर पाठवलं होतं. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. बारावी होऊन मी घरी बसले होते आणि मोठ्या बहिणीचं लग्न झालं की माझा नंबर, असं घरात सगळे धरून होते. रांग पांगली, मी मात्र तिथंच फोटो घेऊन उभी. सर मला म्हणाले, “तू काऊन थांबली? कोडं पाहिजे का?”

मी हो म्हटलं. काय पाहिजे हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण इतक्या आनंदानं मला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं.

पाटीबद्दल मात्र सांगायला हवं. लोक येतच राहिले तेव्हा खालच्या दुकानदारानं पाटी बदलायला सांगितली. सर म्हणाले, लिहिलेलं मी खोडत नसतो. त्यांनी शेजारी दुसरी पाटी लावली : ‘ही सरकारी स्कीम नाही.’ मग तिसरी : ‘फोटो आणू नये.’ मग चौथी : ‘रेशनकार्डही नको.’ वर्षभरात सज्जा पाट्यांनी झाकून गेला आणि खताच्या दुकानाचं नाव त्यांच्यामागे दिसेनासं झालं.

खोडायचं नाही, बदलायचं नाही, हा त्यांचा नियम नुसता पाटीपुरता नव्हता. फळ्यावर लिहिलेलं ते पुसत नसत. फळा भरला की भिंतीवर लिहीत, भिंत भरली की फरशीवर. त्यांचं गाव सिरोंचा, घरची भाषा तेलुगू. शिकायला हैदराबादला गेले आणि तिथंच एका कंपनीत लागले. ती नोकरी त्यांनी का सोडली याच्या चामोर्शीत पुष्कळ कथा होत्या. कुणी म्हणे प्रेमभंग, कुणी म्हणे डोक्यावर परिणाम. मी एकदा सरळ विचारलं.

“तिथी मले लिहायले लावत होते, क्ष बरोबर क्ष अधिक एक,” सर म्हणाले. “आता तू सांग. क्ष म्हणजे क्ष अधिक एक असेल, तर शून्य म्हणजे एक. मग एक म्हणजे दोन. मग राहिलं काय जगात? असं दिवसभर लिहून माणूस घरी जाऊन जेवण कसं करेल?”

“पन सर, कॉम्प्युटरमंधी सगळेच तसं लिहितेत नं?” माझी मैत्रीण वनिता म्हणाली. ती मागेपुढे न पाहता बोलायची.

“म्हणून तर ती कॉम्प्युटर सारखी बिघडते,” सर म्हणाले.

मराठीतली लिंगं त्यांना कधीच जमली नाहीत. कॉम्प्युटर ‘ती’ होती, फाईल ‘तो’ होता, आणि गणित कधी ‘तो’ कधी ‘ती’, त्यांचा मूड असेल तसा. आम्ही हसायचो. तेही हसायचे आणि पुढच्या वाक्यात पुन्हा तसंच म्हणायचे.

क्लासात दोन कॉम्प्युटर होते, दोन्ही हैदराबादहून जुने आणलेले, आणि शिकणारे आम्ही सहासात. सर स्वतः कीबोर्डला कधी हात लावत नसत. हात पाठीमागे बांधून उभे राहायचे. कुणाचं चुकलं की त्यांची बोटं पाठीमागे वळवळायची, पण पुढे येत नसत. कॉम्प्युटरला आपल्या हाताची सवय लागली तर पोरांचं ती ऐकणार नाही, असं ते म्हणत. स्कीममध्ये सगळं कंसात लिहायचं असतं, कंसात कंस, त्यात आणखी कंस. चारपाच ओळी झाल्या की शेवटी मिटायचे कंसच सात-आठ उरायचे. सर मागून आवाज द्यायचे, “मिटवा, मिटवा, दार उघडं ठेवून जाऊ नका.” गावानं त्यांना कंसवाले सर म्हणायला सुरुवात केली ती तेव्हापासून.

पहिलं कोडं त्यांनी दिलं ते वाघ, बकरी आणि चाऱ्याचा भारा नदीपार न्यायचं. नावेतून एका खेपेला एकच न्यायचं, आणि वाघाजवळ बकरी किंवा बकरीजवळ चारा एकटा सोडायचा नाही. सर म्हणाले, नदी म्हणजे आपली वैनगंगाच धरा. इथंच माझं अडलं. आम्ही ढिवर. तळ्यात, नदीत मासे धरणारं घर.

“सर, वाघ डोंग्यात बसनारच नाई,” मी म्हटलं.

“बसते असं धर.”

“बसला तरी डोंगा पलटी होते. डोंगा अरुंद राहाते. आमची बकरी एकडाव बसवली होती तं तिघं पान्यात पडलो.”

सर इतके हसले की खाली बसले. मग डोळे पुसत म्हणाले, “हे पाय, तू नाव चालवू नको. खेपा मोजू नको. रस्ता शोधू नको. फक्त नदी कशी आहे ते मशीनला सांग. इकडे कोण, तिकडे कोण, कोणाजवळ कोण चालत नाही. बाकी तिचं काम.”

तीन आठवडे लागले. एके दिवशी पडद्यावर सगळ्या खेपा एकाखाली एक उमटल्या, बकरी आधी पार, मग परत, मग पुन्हा पार. आम्ही ओरडलो. सरांनी पाठीमागचे हात सोडले आणि टाळ्या वाजवल्या. खालून दुकानदार वर आला, त्याला वाटलं क्लासात साप निघाला.

फंक्शन म्हणजे काय ते त्यांनी आम्हाला राइस मिलमध्ये नेऊन शिकवलं. मिलवाले भाऊ खुर्ची टाकून दारात बसले होते. सरांनी त्यांच्या परवानगीनं मूठभर धान उचललं आणि आम्हाला सांगायला लागले, “गिरणीत धान टाका, तांदूळ येते. उद्या तेच धान टाका, तोच तांदूळ. गिरणी काल काय झालं ते मनात ठेवत नाही. धान घेते, तांदूळ देते, मधल्यामधे शेजाऱ्याचं कुंपण पाडत नाही. फंक्शन असंच पाहिजे, या भाऊच्या मिलसारखं.”

भाऊ खूश झाले. चहा सांगितला.

“आता समजा,” सर म्हणाले, “मी या गिरणीत धान नाही टाकलं. दुसरी गिरणी टाकली.”

भाऊंनी मान वर केली.

“आणि इकडून,” सर आनंदानं हात पसरून म्हणाले, “तिसरी गिरणी बाहेर आली!”

मग भाऊ हळूच वनिताकडे वळून म्हणाले, “बाई, ऊन लई होऊन राह्यलं आज. सरायले घरी नेऊन सोडा.” पण माणूस दिलदार. पुढच्याच महिन्यात त्यांनी आपल्या मुलाला क्लासला घातलं, आणि जाताना त्याला बजावलं, “गिरणीतून गिरणी निघाली तं पयले मले सांगजो.”

लाईट गेली की सर सगळ्यात जास्त खुलायचे. लाईट जायचीही फार. कॉम्प्युटर बंद पडले की ते म्हणत, चला, आता खरं क्लास. आम्हाला ओळीत उभं करायचे आणि आम्हीच कॉम्प्युटर व्हायचो. ओळीत किती माणसं आहेत ते सांगायचं, पण मागे वळून मोजायचं नाही. पहिल्यानं दुसऱ्याला विचारायचं, तुझ्यापासून मागे किती? दुसऱ्यानं तिसऱ्याला. शेवटचा म्हणेल, मी एकटा, एक. त्याच्या पुढचा त्यात आपला एक मिळवून पुढे सांगेल, दोन. असं करत उत्तर पहिल्याकडे परत. “मोठ्या कामाले घाबरू नका,” सर सांगायचे. “आपल्या वाट्याचं एक करा, उरलेलं मागच्याले विचारा.”

मार्कंड्याच्या जत्रेला त्यांनी हा प्रयोग चामोर्शीच्या बसस्टँडवर केला. महाशिवरात्रीची सकाळ, माणसांची ही गर्दी, आणि रांग स्टँडबाहेर जाऊन पानठेल्याला वळसा घालून कुठे संपली ते दिसत नव्हतं. कंट्रोलर खिडकीतून ओरडत होते, किती लोकं आहेत ते कळल्याशिवाय जादा गाडी मागता येत नाही. सर रांगेतल्या पहिल्या माणसापाशी गेले आणि त्याला नियम समजावला. आश्चर्य म्हणजे लोकांनी ऐकलं. ताटकळलेल्या माणसाला काहीतरी करायला मिळालं की तो बरा असतो. प्रश्न रांगेतून कुजबुजत मागे गेला, पानठेल्याच्या पलीकडे दिसेनासा झाला. आम्ही वाट पाहत राहिलो. सर टाचा उंचावून उभे. मग लांबून आकडे येताना ऐकू आले, वाढत वाढत, पन्नास, साठ, सत्तर, एखादी म्हातारी अडखळायची आणि मागचा तिला पुन्हा सांगायचा. शेवटी पहिल्या माणसानं छाती फुगवून खिडकीत सांगितलं, “एकशेसदतीस!”

कंट्रोलरनी फोन उचलला. दोन जादा गाड्या आल्या. सगळे बसले तेव्हा वाहकांनी मोजून पाहिलं तर एकशेचौतीसच. मागे चौकशी केली. एका भाऊंनी आपल्या दोन बकऱ्या मोजल्या होत्या, आणि एका बाईंनी पोटातलं लेकरू.

सर बसच्या पायरीवर उभे राहून म्हणाले, “चूक नाही. तिनं बरोबर मोजलं. मी प्रश्न नीट विचारला नाही.”

आता आमच्या तळ्याची गोष्ट.

आमच्या गावच्या तळ्यात मोठं जाळं टाकणारी पाच घरं होती. सोमवार ते शुक्रवार एकेका घराची पाळी, शनिवारी बाजार, रविवारी जाळ्याची डागडुजी. बाबा आणि माझा काका, दोघं सख्खे भाऊ, दोघांची पाळी लागोपाठ. आदल्या वर्षी काकानं आपल्या दिवशी अंधार पडेपर्यंत जाळं ओढलं. दुसऱ्या दिवशी बाबांच्या वाट्याला सगळं पाणी गढूळ, जाळ्यात गाळ. बाबा काठावर चारचौघांत काहीबाही बोलले. काका उलटून त्याहून वाईट बोलला. झालं. एक घर बाबांच्या बाजूनं गेलं, एक काकाच्या. मधे राहिली ती एकटी सीताबाई, म्हातारी, मागेपुढे कुणी नसलेली, हाताखाली माणसं घेऊन आपली पाळी करणारी.

दिवाळी झाली तरी पाळी ठरेना. जाळं समाजमंदिरात गुंडाळून पडलेलं. दर आठवड्याला बैठक व्हायची, कुणीतरी नवी पाळी सुचवायचं, कुणीतरी चप्पल घालून उठून जायचं. आणि माघात माझ्या बहिणीचं लग्न. काका म्हणाला, मी मांडवात पाय ठेवणार नाही. लहानपणी ताईला खांद्यावर बसवून तळ्यावर नेणारा तोच. ताई दिवसा हसून खेळून राहायची, पण हळदीचा विषय निघाला की चुलीपाशी जाऊन बसायची. आई नुसती म्हणायची, “काका नाई आला तं पोरीले हळद कोन लावन?”

मी हे क्लासमध्ये सांगितलं ते रडतच. सरांनी सांत्वन केलं नाही. त्यांचे डोळे चमकले. मला रागच आला तेव्हा.

“कोण काय म्हणते?” ते म्हणाले. “सगळ्यायचं लिहून घेतलं कोणी?”

दुसऱ्याच दिवशी ते सायकलवर गावात हजर. घरोघर गेले. बाबांनी त्यांना खाटेवर बसवून सुरुवातीपासून सांगायला घेतलं, आजोबांच्या काळापासून. सरांनी हात जोडले. “भाऊ, इतिहास नको. तुमची अट सांगा.”

वर्षभर सगळ्या गावानं इतिहास ऐकला होता, अट कुणी विचारली नव्हती. बाबा विचार करून म्हणाले, “त्यायच्या दुसऱ्या दिवशी आमी जाळं टाकनार नाई. आमचं घर नाई, आमच्या बाजूचंबी नाई.”

काकाकडे गेले. काकानंही तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत, फक्त ‘त्यायच्या’ म्हणताना बोट आमच्या घराकडे. सीताबाई म्हणाली, “मले शुक्रवारच पाह्यजे. दुसऱ्या दिवशी बाजार राहाते. माह्यानं मासोळी टिकवनं होत नाई.”

क्लासात आम्ही प्रोग्राम लिहायला बसलो. पाच घरं पाच दिवसांत बसवायच्या जितक्या रीती आहेत त्या सगळ्या आधी तयार करायच्या, मग चाळणीतून गाळायच्या. एक चाळणी बाबांच्या अटीची, एक काकाच्या, एक सीताबाईची. तिन्हीतून जे खाली पडेल ते उत्तर. पहिल्या घराला एक दिवस द्या, उरलेल्यांची मांडणी उरलेल्यांना सांगा. सर पाठीमागे हात बांधून आमच्या मागे फेऱ्या मारत होते. शेवटचा कंस मिटवून वनितानं बटण दाबलं.

पडद्यावर आलं : ( )

“सर, चुकलं,” वनिता म्हणाली. “काईच नाई आलं.”

सर वाकून पाहत राहिले. मग जोरात म्हणाले, “काहीच नाही आलं असं नाही! रिकामा कंस आला! रिकामा कंस म्हणजे पूर्ण उत्तर आहे!”

तरी त्यांनी आमच्याकडून सगळं पुन्हा तपासून घेतलं, एकेक चाळणी वेगळी चालवून. पुन्हा रिकामा कंस. आणि मग फरशीवर खडूनं आखल्यावर आम्हालाही दिसलं. सीताबाईला शुक्रवार दिला की सोमवार ते गुरुवार उरतात, आणि त्या चार दिवसांत दोन्ही बाजूंची दोन-दोन घरं बसवायची तर कुठंतरी एका बाजूचा दिवस दुसरीच्या दिवसाला चिकटणारच. इतकं साधं होतं. पण आज ना उद्या सगळ्यांच्या मनासारखी पाळी निघेल या आशेवर गाव वर्षभर भांडत होतं.

बैठक दुपारी तळ्याच्या बांधावर, चिंचेखाली भरली. कंसवाले सर मशीनमधून पाळी काढून आणणार म्हणून सगळं गाव जमलेलं. बाबा एका टोकाला, काका दुसऱ्या टोकाला, दोघांची तोंडं दोन दिशांना. सरांनी काटकी उचलली आणि धुळीत दोन मोठे कंस काढले, मधे काही नाही.

“हे काय व्हय?” काका म्हणाला.

“उत्तर,” सर म्हणाले. “एकशेवीस पाळ्या होऊ शकतात. मशीनने सगळ्या पाहिल्या. तुम्हा सगळ्यायच्या मनासारखी एक बी नाही. आज नाही, पुढच्या वर्षी बी नाही. शोधणं बंद करा.”

मग काका म्हणाला, “म्हंजे इतल्या उन्हात तुमी हे सांगाले आले?”

“हो,” सर म्हणाले, आणि धोतरावरची धूळ झटकावी तशी पँट झटकून खरोखरच सायकलकडे निघाले. त्यांचं काम झालं होतं! मी धावत जाऊन कॅरिअर धरलं.

“सर, आता कराचं काय, ते तं सांगा!”

“ते गणितात नाही,” सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, चेहऱ्यावर दिसत होतं. “कोणीतरी एक अट सोडली तर पाळी निघते. कोणती सोडायची, ते मशीनला माहीत नाही. मलेही नाही.”

सीताबाई ताडकन उभी राहिली. “मी शुक्रवार सोडत नाई, आताच सांगून ठेवते. माह्या मागं कोनी नाई म्हून तुमी माहीच अट काढान, मले ठाऊक हाय.”

“नका सोडू, आई,” सर म्हणाले.

मग उरल्या दोनच. सगळं गाव आधी बाबांकडे पाहायला लागलं, मग काकाकडे. इतके दिवस प्रत्येकाला वाटत होतं की दुसरा ऐकत नाही म्हणून अडलंय. आता तसं म्हणायची सोय राहिली नव्हती. काका तळ्याकडे पाहत बसला. पाण्यावर बगळे उतरत होते, हाकलणारं कुणी नव्हतं.

“दुपारी जाळं काढून घेतलं,” काका म्हणाला, कुणाकडेच न बघता, “तं सकाळपावतर गाळ खाली बसते.”

“दुपारी काढते कोन?” बाबा चिंचेच्या शेंड्याकडे पाहत म्हणाले. “लोकं तं अंधारापावतर ओढत राह्यतेत.”

“काढीन म्हनलं नं!”

वर्षभरात त्यांनी एकमेकांशी बोललेला हा पहिला शब्द. ओरडूनच बोलला गेला, पण बोलला गेला. बाबांनी खिशातून तंबाखूची पुडी काढली, मळली, बराच वेळ मळत राहिले.

“मंग तू मंगळवारी टाक,” बाबा म्हणाले. “मी बुधवारी टाकतो.”

काकानं मान हलवली. सरांनी लगबगीनं परत येऊन त्या दोन कंसांच्या मधे पाच घरांची नावं लिहिली, काकाच्या बाजूची दोन, आमच्या बाजूची दोन, शेवटी सीताबाई. लोक उठून जाळं आणायला समाजमंदिराकडे निघालेसुद्धा. सर काटकी घेऊन मागून ओरडत होते, “थांबा, थांबा! शुक्रवार धरून अजून तेवीस पाळ्या आहेत! पाहून तर घ्या!”

कुणी थांबलं नाही.

माघात ताईचं लग्न झालं. काका दोन दिवस आधीच मुक्कामाला आला, हळद त्यानंच लावली आणि भात कच्चा राहिला म्हणून आचाऱ्याशी भांडलाही. आई म्हणाली, भांडला म्हणजे घरचा झाला. सरांना आग्रहानं बोलावलं होतं. ते पंगतीत बसून शेजारच्या वऱ्हाड्यांना वाघ-बकरीचं कोडं घालत होते, आणि नवरदेवाचा मामा ताटावरून उठून हातानंच नाव इकडून तिकडे नेऊन दाखवत होता.

त्यानंतर घरात माझ्या लग्नाचं कुणी घाईनं बोललं नाही. बाबा म्हणाले, हिले शिकू द्या, हिच्या मशीनमुळं तळं सुरू झालं. मशीनमुळं नाही, असं मी म्हणणार होते, पण शिकायला मिळत होतं म्हणून गप्प बसले.

क्लास काही फार चालला नाही. बाजूला दुसरा क्लास निघाला, तिथं टायपिंग शिकवत आणि सर्टिफिकेट देत. सरांकडे सर्टिफिकेट नव्हतं. कुणी मागितलं की ते एक कोडं लिहून द्यायचे. हळूहळू आम्ही चौघं उरलो, मग दोघी. सिरोंच्याला आई एकटी, तिचे डोळे अधू झालेले. एके दिवशी दोन्ही कॉम्प्युटर ट्रकवर चढवून सर गेले. वनितानं मिलवाल्या भाऊंच्या त्याच मुलाशी लग्न केलं. मी नागपूरला शिकले, तिथंच एका कंपनीत लागले, आणि हो, क्ष बरोबर क्ष अधिक एक रोज लिहिते आणि घरी येऊन व्यवस्थित जेवते.

नोकरी लागून चारपाच वर्षं झाली, लग्नही झालं, आणि नवऱ्याबरोबर सिरोंच्याला जायचा योग आला, त्याच्या कुणा नातेवाइकाकडे. सरांचं घर शोधत गेलो. अहेरीला परतायची गाडी दुपारची होती, म्हणून नवरा म्हणाला, दहा मिनिटं बसू, भेटू आणि निघू.

ओसरीवर सात-आठ मुलं बसली होती, अर्धी तेलुगूत बोलत होती, अर्धी मराठीत. सर हात पाठीमागे बांधून उभे, केस पांढरे झालेले. मी पाया पडले. त्यांनी मला ओळखलं नाही. चेहरे त्यांच्या लक्षात कधीच राहत नसत. नाव सांगायच्या आत त्यांनी नव्या आलेल्या माणसाला द्यावी तशी एक पाटी माझ्या हातात दिली. “नावांची यादी आहे. उलटी करायची. लिही.”

मी नवऱ्याकडे पाहिलं, मग खाली बसले आणि लिहिलं. इतक्या वर्षांनी ते कंस काढताना बोटं अडखळत होती. पहिलं नाव काढा, उरलेली यादी उलटी करा, पहिलं नाव तिच्या शेवटी लावा. सगळे कंस मोजून मिटवले आणि पाटी त्यांच्या हातात दिली.

सरांनी पाहिलं. पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग त्यांचा चेहरा असा उजळला की सगळी मुलं त्यांच्याकडे बघायला लागली.

“अरे!” ते म्हणाले. “ही तर चामोर्शीची! ढिवराची पोरगी! यादी रिकामी झाली की थांबायचं, ते हिनं पुन्हा लिहिलं नाही. ही नेहमी थांबायचंच विसरते!” मुलांकडे वळून ते म्हणाले, “हिचं पहिलं प्रोग्राम अजून चामोर्शीत चालू असेल.”

मुलं खदखदून हसली. मीही हसले आणि मग बोलायला लागले. काकाचं सांगितलं, तो आता ताईच्या मुलांना पोहायला शिकवतो ते. सीताबाईचं, वनिताचं, नागपूरचं, कंपनीचं. सर मधेच प्रश्न विचारत होते, मी एकातून दुसऱ्यात शिरत होते. नवऱ्यानं घड्याळ दाखवलं, मी मान हलवली आणि बोलत राहिले. त्यानं पुन्हा दाखवलं. रस्त्यावरून एक गाडी हॉर्न वाजवत गेली, ती अहेरीची होती हे त्यानं मला नंतर सांगितलं.

आतून सरांच्या आईनं तेलुगूत काहीतरी विचारलं. सरांनी आमच्याकडे न पाहताच दोन बोटं वर केली, मग आईला दिसत नाही हे आठवून मोठ्यानं उत्तर दिलं. थोड्या वेळानं आतून तांदूळ धुतल्याचा आवाज यायला लागला.